सरावात कुणी बॅट दिली नाही, म्हणून बॉल धरला : बाळू पालवणकरांची गोष्ट

मुंबईत क्रिकेटचं सामान घ्यायचं म्हटलं की पाय आपोआप धोबी तलावकडे वळतात. मेट्रोच्या आसपास ओळीने दुकानं आहेत. आत शिरलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला : टेनिस की सीझन? सीझन म्हटलं की दुसरा प्रश्न : इंग्लिश विलो की काश्मीर विलो? मग बजेट विचारतात आणि त्यानंतर बॅट हातात येते.

ती कशी पारखायची, हे गिरगावच्या चाळीतल्या पोरापासून शिवाजी पार्कच्या काकांपर्यंत सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. बॅट पायाला लावून उभी करायची. हँडलचं टोक साधारण मांडीच्या वरच्या टोकाशी आलं की माप बरोबर. मग फक्त वरच्या हाताने ती उचलून बघायची. मनगट लगेच भरून आलं तर बॅट जड आहे, ती परत ठेवायची. घरी आणल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा, लाकडी मोगरीने हळूहळू ठोकून घ्यायची आणि पावसाळ्यात ओलीला टेकवून ठेवायची नाही.

पण हे सगळं त्याच्यासाठी, ज्याच्या हातात बॅट येणार हे आधीच ठरलेलं आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात एक पोरगा होता. रोज क्रिकेटचं सामान हाताळणं हीच त्याची नोकरी होती. जाळी तो लावायचा, रोलर तो फिरवायचा, साहेब लोकांना तासन् तास बॉलिंग तोच टाकायचा. पण सरावात त्याला कुणी बॅट दिली नाही. पुढे हाच पोरगा इंग्लंडला गेला आणि एका दौऱ्यात ११४ विकेट काढून आला.

त्याचं नाव बाळू पालवणकर. जुन्या स्कोअरकार्डांवर पी. बाळू. भारतातले पहिले मोठे स्पिन बॉलर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

टाकून दिलेल्या सामानावर सुरुवात

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. कुटुंब चांभार समाजातलं. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा, पण त्यांचं लहानपण गेलं पुण्यात. वडिलांची नोकरी लष्कराशी जोडलेली होती आणि पुण्याला लष्कराची मोठी छावणी होती.

छावणी म्हणजे इंग्रज अधिकारी. आणि इंग्रज अधिकारी म्हणजे क्रिकेट.

त्या काळी चांगली बॅट आणि चांगला बॉल इंग्लंडहून बोटीने यायचा. त्याची किंमत गरिबाच्या घरात विचारायचीही सोय नव्हती. पण सामान झिजतं. बॅटला तडे जातात, बॉलची शिवण उसवते. साहेब ते टाकून देतात. छावणीतल्या अशाच टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

याचा एक अर्थ आजच्या खेळणाऱ्याला पटकन कळेल. आपण आपल्या उंचीप्रमाणे, आपल्या ताकदीप्रमाणे बॅट निवडतो. या भावांना निवडच नव्हती. जे हाती येईल त्याला आपला हात जुळवून घ्यायचा.

पगार ४ रुपये, काम सामान सांभाळण्याचं

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये होती. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा आणि कधीमधी सदस्यांना बॉलिंग टाकायची. पगार महिना ३ रुपये.

१८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये लागले. इथे पगार एक रुपयाने वाढला, म्हणजे ४ रुपये झाला. कामही वाढलं. खेळपट्टीवर रोलर फिरवणं, फक्कीने रेषा मारणं, सरावाची जाळी उभारणं आणि गरज पडली तर टेनिस कोर्टाच्या रेषाही आखणं.

आपण ज्याला ‘मैदानातला माळी’ म्हणतो, तेच हे काम. आझाद मैदान असो की शिवाजी पार्क, मॅचच्या सकाळी सगळ्यांच्या आधी येणारा आणि सगळ्यांच्या नंतर जाणारा माणूस तो हाच. खेळणाऱ्याला खेळपट्टी दिसते ती मॅचच्या दिवशी. माळ्याला ती रोज दिसते. पाणी कधी मारलं, ऊन किती लागलं, कुठे माती सुटली, कुठल्या बाजूला गवत राहिलं हे त्याला पायाने कळतं.

आणि स्पिनरसाठी खेळपट्टी हेच अर्धं हत्यार असतं. फास्ट बॉलर हवेतल्या वेगावर बॅट्समनला गाठू शकतो. स्पिनरचं मात्र बॉल टप्पा कुठे खातो आणि टप्प्यानंतर काय करतो, यावरच सगळं अवलंबून. खेळपट्टीची देखभाल करणारा पोरगा पुढे स्पिनर झाला, यात नवल वाटण्यासारखं फार नाही.

एका आऊटमागे आठ आणे

क्लबमधल्या एका गोऱ्या सदस्याने बाळूंना पहिल्यांदा बॉलिंग टाकायला सांगितलं. थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं की हा डावखुरा पोरगा वेगळा आहे.

त्याच क्लबमध्ये कॅप्टन जे. जी. ग्रेग खेळायचे. हे लष्करी अधिकारी हॅम्पशायर काउंटीकडूनही खेळलेले, त्या काळात भारतातल्या गोऱ्यांमधले अव्वल बॅट्समन. ग्रेग इतर सदस्यांच्या तासभर आधी मैदानावर यायचे आणि बाळूंच्या बॉलिंगवर सराव करायचे. त्यांनी एक बोली लावली होती असं सांगतात : बाळूने आपल्याला आऊट केलं की दर वेळी आठ आणे.

आता हिशेब करा. पगार महिना ४ रुपये. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. ग्रेगना आठवड्यातून एकदा जरी आऊट केलं तरी महिन्याकाठी २ रुपये जास्तीचे, म्हणजे पगाराच्या निम्मे. आणि महिन्यात आठ वेळा आऊट केलं तर पूर्ण पगार दुप्पट.

ग्रेगना चांगल्या बॉलिंगवर सराव हवा होता, तो मिळाला. बाळूंना पैसे हवे होते, तेही मिळाले. पण त्या शेकडो तासांत आणखी एक गोष्ट झाली. हिंदुस्थानातल्या सर्वांत भक्कम बॅट्समनपैकी एकाला रोज सकाळी कसं फसवायचं, याचा अभ्यास झाला. अशी तालीम आज लाखो रुपये भरूनही सहज मिळत नाही.

फक्त एवढ्या तासांत बाळूंना ‘आता तू बॅट घे’ असं कुणी म्हटलं नाही. बॅटिंग हा सदस्यांचा मान होता. बॉल टाकणं हे नोकराचं काम.

बॉल का परवडतो?

इथे खेळाच्या सामानाची एक गंमत समजून घ्यायला हवी.

बॅट ही मालकीची वस्तू आहे. तिचं माप माणसागणिक बदलतं. नियमाने रुंदी सव्वाचार इंचांपेक्षा आणि लांबी ३८ इंचांपेक्षा जास्त चालत नाही, पण वजनाला बंधन नाही. म्हणून प्रत्येक जण आपल्या हाताला बसेल अशी शोधतो, तिला तेल पाजतो, ग्रिप बदलतो आणि दुसऱ्याला द्यायला काकू करतो.

बॉलचं तसं नसतं. तो सगळ्यांसाठी एकच. आत बूच, त्याभोवती गुंडाळलेला दोरा, वरून कातडं आणि मधोमध शिवण. वजन साधारण १५६ ते १६३ ग्रॅम. राजाच्या हातात असो की माळ्याच्या, बॉल तेवढाच. तो स्वतःच्या मापाने करून घेता येत नाही, त्यामुळे आपल्या बोटांनाच त्याच्या मापाचं व्हावं लागतं.

डावखुरा स्पिनर शिवणीवर आडवी बोटं ठेवतो आणि तर्जनीने बॉलला पीळ देतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅट्समनसमोर हा बॉल लेगकडून ऑफकडे, म्हणजे त्याच्यापासून दूर वळतो. हे रोज शेकडो वेळा केलं की बोटाची कातडी सोलते, मग घट्टे पडतात आणि मग पकड बसते. अशा बॉलरच्या बाबतीत सामानाची निगा म्हणजे बोटांची निगा.

बाळूंच्या बॉलिंगचं जे वर्णन मिळतं त्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. एक, टप्प्यावरचा ताबा. दोन, न थकता दिवसभर टाकत राहण्याची तयारी. बॉल दोन्हीकडे वळवणं आणि वेग बदलणं हे त्यांच्याकडे होतंच. थोडक्यात, ज्या गोष्टी विकत घ्याव्या लागत नाहीत त्या सगळ्या त्यांनी कमावल्या होत्या.

मैदानात बॉल एक, बाहेर कप वेगळा

पुण्यातल्या हिंदू खेळाडूंच्या क्लबला गोऱ्यांना हरवायचं होतं. त्यासाठी लागणारा बॉलर गावातच होता. अडचण एकच : जात.

क्लबमधले तेलुगू सदस्य बाळूंना घ्या म्हणत होते, ब्राह्मण सदस्यांचा विरोध होता. बाळूंसारख्या बॉलरला बाहेर ठेवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असं मत ग्रेग यांनीही जाहीरपणे मांडलं. शेवटी बाळूंना संघात घेतलं गेलं.

घेतलं म्हणजे कसं? मैदानात सगळे एकच बॉल हाताळणार. बाळूंनी टाकलेला बॉल कीपर पकडणार, फिल्डर परत फेकणार. पण चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा घेणार आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं. तोंड धुवायचं तर पाणी आणून द्यायला अस्पृश्य समाजातलाच नोकर.

म्हणजे चामड्याचा बॉल चालत होता. तो बॉल सतत हातात असलेल्या माणसाच्या हातचा कप मात्र चालत नव्हता.

मैदानावर मात्र बाळूंना अडवणं जमत नव्हतं. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी मॅच ठरली, तेव्हा त्यांनी आधीपासून खेळपट्टीवर खूप रोलर फिरवून ती टणक आणि निर्जीव करून ठेवली होती, म्हणजे बाळूंचा बॉल वळूच नये. बाळूंनी ७ विकेट काढल्या. ज्याने आयुष्याची सुरुवातच रोलर ओढून केली, त्याला रोलरने अडवायला निघाले होते ते.

मरीन लाइन्सचा जिमखाना

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या दिवसांत, बाळू पुण्याहून मुंबईला आले.

तेव्हाची मुंबई क्रिकेटसाठी वेगळीच जागा होती. गिरगाव चौपाटीपासून मरीन लाइन्सपर्यंत समुद्राला लागून पारशांचा, मुसलमानांचा आणि हिंदूंचा असे वेगवेगळे जिमखाने उभे राहिले होते. आजही ट्रेनमधून जाताना ते एकापाठोपाठ एक दिसतात. अलीकडे एस्प्लनेडवर गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना. म्हणजे धर्मागणिक मैदान आणि धर्मागणिक संघ.

बाळू मरीन लाइन्सच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. इथेही त्यांना घ्यायला काही सदस्यांचा विरोध झाला, पण तो टिकला नाही. बीबीसीआय रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेत, त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातही ते खेळले. ४ रुपयांवर रोलर ओढणारा माणूस आता खेळाच्या जोरावर नोकरी करत होता.

१९०६ : गोऱ्यांना त्यांच्याच मैदानात

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या. गोऱ्यांना जिंकायला २१२ हवे होते. ते १०२ वर आटोपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले.

त्या पडझडीत बाळूंच्या डाव्या हाताचा मोठा वाटा होता. आणि संघात त्यांचे भाऊ शिवरामही होते.

या विजयाची चर्चा मैदानाबाहेरही झाली. मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या साप्ताहिकाने धावांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधलं. पुण्यात बाळूंबरोबर खेळायला तयार झालेले हिंदू त्यांच्याबरोबर चहा घ्यायला तयार नव्हते. मुंबईत मात्र संघातले खेळाडू पालवणकर भावांबरोबर एकत्र जेवले होते. साप्ताहिकाच्या नजरेत ही स्कोअरकार्डापेक्षा मोठी बातमी होती.

१९११ : ११४ विकेट

१९११ मध्ये हिंदू, पारशी आणि मुस्लिम खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कॅप्टन होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. महाराज बहुतेक मॅचना हजरच नव्हते.

संघाने २३ मॅच खेळल्या. ६ जिंकल्या, १५ हरल्या, २ अनिर्णित. आकडे फार भूषणावह नाहीत. पण त्यात एक आकडा वेगळा चमकतो. बाळूंच्या सगळ्या दौऱ्यातल्या विकेट ११४, सरासरी १९ च्या आत. त्यातल्या ७५ फर्स्ट क्लास सामन्यांतल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८. लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११, आणि तो सामना भारताने जिंकला.

तेव्हा बाळूंचं वय पस्तिशीच्या आसपास होतं. खांदा दुखत होता. तरीही ओव्हरमागून ओव्हर तेच टाकत राहिले, कारण दुसरा तसा बॉलर संघात नव्हता.

याच दौऱ्यात सॉमरसेटविरुद्ध टाँटनला शिवराम यांनी नाबाद ११३ केल्या आणि भारत एका विकेटने जिंकला. इथे जरा थांबून बघा. मोठ्या भावाला सरावात बॅट मिळाली नव्हती. धाकट्याने इंग्लंडमध्ये जाऊन शतक ठोकलं.

मुंबईत परतल्यावर दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या समारंभातल्या मानपत्रामागे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा विशीतला एक विद्यार्थी होता. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. तेव्हा बाळू देशभर माहीत होते, भीमरावांना अजून फारसं कुणी ओळखत नव्हतं.

असंच एक उदाहरण, गोल्फमधलं

सामान सांभाळणारा खेळायला लागतो, तेव्हा सामानाच्या मालकांना काय करावं ते सुचत नाही. हे फक्त क्रिकेटमध्ये झालेलं नाही.

गोल्फमध्ये कॅडी नावाचा माणूस असतो. तो खेळाडूची बॅग वाहतो, प्रत्येक फटक्यानंतर क्लब पुसतो, किती अंतराला कुठला क्लब घ्यावा हे सांगतो. बॅगेतला प्रत्येक क्लब त्याला मालकापेक्षा जास्त माहीत असतो. अमेरिकेचे बेन होगन आणि बायरन नेल्सन हे दोघे दिग्गज एकाच क्लबात कॅडी होते.

भारतीय वंशाचे पापवा सेवगोलम दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे. तेही कॅडी. झाडाच्या फांदीच्या काठीने ते खेळायला शिकले. कुणी शिकवायला नव्हतं, म्हणून क्लब धरताना त्यांचे हात जगापेक्षा उलटे, वरचा खाली आणि खालचा वर. त्याच पकडीवर त्यांनी १९५९ मध्ये डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये डर्बनला नाताळ ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्यांना क्लबहाउसच्या आत प्रवेश नव्हता. बाकीचे छपराखाली आणि विजेता बाहेर पावसात, अशा थाटात त्यांना ट्रॉफी दिली गेली.

पुण्यातला मातीच्या भांड्यातला चहा आणि डर्बनमधला तो पाऊस, दोन्हींत जवळजवळ सत्तर वर्षांचं अंतर आहे. पण गोष्ट एकच.

जे कधीच हातात दिलं नाही

परत मुंबईला येऊ. १९१२ पासून मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन अशी चौरंगी स्पर्धा सुरू झाली. आजच्या आयपीएलसारखी गर्दी व्हायची असं समजा. हिंदू संघाचा हुकमी बॉलर कोण, हे पोरालाही माहीत होतं. तरीही कॅप्टन मात्र बाळू कधीच झाले नाहीत.

एम. डी. पै कॅप्टन झाले, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की हा मान बाळूंचा होता. पण निवड समितीला ते पटत नव्हतं. बॉलिंगला चालणारा माणूस हुकूम द्यायला चालत नव्हता.

१९२० मध्ये हा प्रश्न पेटला. पै आजारी पडले. बाळूंना वगळण्यात आलं आणि कॅप्टन म्हणून दि. ब. देवधरांना निवडलं गेलं. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल संघातले अव्वल बॅट्समन आणि देवधरांपेक्षा अनुभवी. आपल्याला जातीमुळे डावललं जातंय, असं जाहीर करून विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. मुंबईत मोठा गदारोळ झाला. शेवटी पुढच्या सामन्यासाठी पै कॅप्टन आणि बाळू व्हाइस कॅप्टन असा तोडगा निघाला. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर राहिले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रं बाळूंच्या हातात होती.

वीसेक वर्षं संघाला जिंकून देणाऱ्या माणसाच्या वाट्याला कॅप्टनकी आली ती एवढीच.

१९२३ मध्ये मात्र विठ्ठल हिंदू संघाचे कॅप्टन झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतलं. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल, चौघेही भाऊ हिंदू संघाकडून खेळले. पण वाट कशी बदलली ते बघा. थोरल्याने टाकून दिलेल्या सामानावर सुरुवात केली आणि बॉल उचलला. त्या बॉलच्या जोरावर मुंबईत नोकरी आली, घर आलं. धाकट्यांना शाळा मिळाली, स्वतःची बॅट मिळाली. आणि ज्याच्या हातात बॅट होती, त्याच्यापर्यंत कॅप्टनकी पोहोचली. पुढे १९४८ मध्ये विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र लिहिलं.

बाळूंच्या नावावर ३३ फर्स्ट क्लास सामन्यांत १७९ विकेट आहेत, सरासरी १५.२१. भारत पहिली टेस्ट खेळला तो १९३२ मध्ये. तोपर्यंत बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते.

भायखळा-परळची निवडणूक

खेळ सुटल्यावर बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. त्यानंतर मुंबई महापालिकेची निवडणूक ते हिंदू महासभेकडून लढले आणि हरले.

मग आलं १९३७. मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत भायखळा-परळ भागातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. हा सगळा गिरणगावचा पट्टा. परळ, लालबागच्या चाळी, गिरण्यांचे भोंगे, रेल्वेची वर्कशॉप. बाबासाहेब स्वतः कितीतरी वर्षं परळच्या पोयबावाडीत बीआयटी चाळीत राहिलेले. त्यांच्यासमोर काँग्रेसने उमेदवार दिला तो बाळू पालवणकर.

म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांच्या सत्काराचं मानपत्र भीमरावांनी दिलं होतं, तेच आता समोर होते. दोघांचं दुखणं एक, उपाय वेगळे. बाबासाहेब वेगळ्या राजकीय शक्तीची मांडणी करत होते आणि त्यांनी स्वतःचा स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. बाळूंचा विश्वास होता की हिंदू समाजात राहून, काँग्रेसबरोबर जाऊन बदल घडेल. त्यांच्या आयुष्यात तसं थोडं घडलंही होतं : बाहेरच्या मातीच्या भांड्यापासून जिमखान्यातल्या पंगतीपर्यंत.

निकाल लागला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब जिंकले. पण फरक २,०२० मतांचा होता, यावरून बाळूंचं नाव गिरणगावात किती वजनदार होतं ते कळतं.

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळूंचं निधन झालं.

आज काय उरलंय?

दादरहून प्रभादेवीला जाताना वीर सावरकर मार्गाला लागून एक छोटा रस्ता आहे. त्याच्या पाटीवर नाव आहे : पी. बाळू मार्ग. रोज शेकडो लोक तिथून जातात. डिलिव्हरीवाल्यांच्या फोनवर तो पत्ता म्हणून येतो. पी. म्हणजे काय आणि बाळू कोण, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

खेळाच्या सामानाबद्दल बोलताना आपण कंपनी, किंमत, लाकडाच्या रेषा, वजन यांवर तासभर बोलू शकतो. ते बोलायलाच हवं, चुकीची बॅट घेतली तर मनगट आणि पैसे दोन्ही जातात. पण बाळूंच्या गोष्टीतून आणखी एक प्रश्न निघतो, आणि तो आजही प्रत्येक मैदानावर लागू आहे. आपल्या नेटमध्ये बॉल आणून देणारा, खेळपट्टीवर पाणी मारणारा, किट वाहून नेणारा जो पोरगा आहे, त्याला शेवटची दहा मिनिटं तरी बॅट मिळते का?

पूना क्लबमध्ये ती मिळाली नाही. त्यामुळे भारताला एक महान बॉलर मिळाला, असं म्हणून समाधान मानता येईल. पण त्याच घरातल्या धाकट्या भावांना बॅट मिळाली, तेव्हा त्यातला एक इंग्लंडमध्ये शतक करून आला आणि दुसरा कॅप्टन झाला. बाळूंच्या हातात ती आली असती तर त्यांनी काय केलं असतं, याचा हिशेब कुठल्याच स्कोअरबुकात नाही.